सात डोंगर, एक पाळ आणि कोलू पाटील

सुट्ट्या जवळ आल्या की हिमालयातल्या सरोवरांच्या वाटा विचारणारे पुष्कळ जण भेटतात. काश्मीरच्या डोंगरातली निळी तळी, उत्तराखंडातले रूपकुंड, लडाखचा पँगाँग अशी नावे आता गोंदिया-भंडाऱ्याच्या घराघरांत माहीत झाली आहेत. मग गुडघ्यांची चौकशी होते, दम लागतो का ते विचारले जाते, नवे बूट घेतले जातात. हे सगळे चांगलेच आहे. पण गोंदियाहून साठ-पासष्ट किलोमीटरवर, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत पहुडलेले एक सरोवर आपल्या दारात आहे. ते निसर्गाने केलेले नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एका गावपाटलाने ते बांधले. तलावाचे नाव नवेगावबांध आणि त्या पाटलाचे नाव कोलू पाटील कोहळी. आजच्या सदरात त्यांचीच गोष्ट सांगायची आहे, कारण तिच्यात विज्ञानही आहे आणि आपल्या आरोग्याचा धागाही आहे.

उंच डोंगरातली सरोवरे कशी होतात, ते आधी पाहू. हिमनदी उतारावरून अतिशय सावकाश सरकते आणि सरकताना तळचा खडक खरवडत जाते. त्यातून खोलगट खळगा तयार होतो. खरवडलेली दगडमाती ती पुढे ढकलत नेते आणि जिथे थांबते तिथे तिचा बांधासारखा ढीग लावते. या ढिगाला हिमोढ म्हणतात. पुढे हवामान उबदार झाले, बर्फ वितळले, की खळग्यात पाणी साचते आणि हिमोढ ते अडवून धरतो. थोडक्यात, तिन्ही बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला मातीदगडांचा बांध, अशी ही रचना असते. निसर्गाला तिच्यासाठी हजारो वर्षे लागतात.

गोंदियात बर्फ नाही, हिमनदी नाही. डोंगर मात्र आहेत आणि पाऊसही भरपूर आहे. राहिला तो चौथ्या बाजूचा बांध. तो कोलू पाटलांनी घातला.

कोहळ्यांचा पाटील

कोलू पाटील कोहळी समाजातले. वैनगंगेच्या खोऱ्यात, आजच्या भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या भागात हा शेतकरी समाज पसरलेला आहे. धान आणि ऊस ही त्यांची पिके आणि तलाव बांधणे ही त्यांची ख्याती. समाजाच्या परंपरेत सांगतात, की चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तिथल्या शेतकऱ्यांचे पाणी अडवण्याचे कसब त्याने पाहिले आणि त्यांना तो आपल्या मुलखात घेऊन आला. या भागातली दुसरी आठवण अशी, की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाने भिजणारी जमीन द्यायची, असा गोंड राजवटीचा रिवाज होता. पाणी अडवले की जमीन मिळते, आणि जितके शहाणपणाने अडवावे तितकी जास्त मिळते. हा सौदा कोहळ्यांनी चांगलाच ओळखला होता.

कोलू पाटलांचा काळ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. नागपूरची गादी भोसल्यांकडे जाण्याला अजून काही दशके होती आणि मुलूख गोंड राजांचा होता. आजच्यासारखे रस्ते नव्हते. साल, साग, बांबू यांच्या जंगलात मधे मधे गावे आणि गावाभोवती धानाच्या बांध्या, असे ते चित्र. अशा गावात पाटील असणे म्हणजे नुसता मान नव्हता. पीक गेले तर गाव पोसायची जबाबदारी त्याच्यावर, सारा भरायचा तोही त्यानेच.

आणि पीक जायचे. गोंदिया जिल्ह्यात सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकला तर इथे पाण्याची ददात कशी, असे वाटेल. पण हा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, तोही सारखा पडत नाही. रोवणीच्या वेळी दडी मारली तर परे वाळतात. त्यातून निभावले तरी खरी परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. धान गर्भात असताना आणि लोंबी बाहेर पडताना मुळाशी पाणी नसेल तर दाणा भरत नाही. शेत हिरवेगार दिसते, पण लोंबी पोचट निघते. आठ-दहा दिवसांचा खंड वर्षभराच्या भाताचा घास हिरावून घेऊ शकतो. जुलैत वाहून गेलेले पाणी ऑक्टोबरसाठी राखून ठेवायचे कसे, हा कोलू पाटलांसमोरचा प्रश्न होता आणि तो गावाच्या पोटाशी जोडलेला होता.

जागेची निवड

नवेगावच्या परिसरात डोंगरांची एक रांग कड्यासारखी वळलेली आहे. तिच्यातल्या सात शिखरांना लोक सातबहिणी म्हणतात. पावसाळ्यात या डोंगरांवरचे पाणी मधल्या सखल भागात उतरते आणि डोंगरांमधल्या खिंडींतून बाहेर पळते. कोलू पाटलांच्या डोळ्यांना दिसल्या त्या या खिंडी.

इथे विज्ञानातली एक साधी पण चटकन न पटणारी गोष्ट सांगायला हवी. बांधावर पाण्याचा जो दाब येतो तो तलाव किती मोठा आहे यावर ठरत नाही, पाणी किती खोल आहे यावर ठरतो. दहा मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन भार येतो. मागे विहिरीएवढे पाणी असो की समुद्राएवढे, त्या खोलीवर दाब तेवढाच. म्हणून चहूकडून डोंगरांनी वेढलेली, बाहेर पडायला अरुंद तोंड असलेली जागा सापडली, तर छोट्याशा बांधाने अफाट पाणी अडवता येते. मोठे काम डोंगरच करतात. माणसाने फक्त फट बुजवायची.

नवेगावला नेमके हेच झाले. अडवलेल्या पाण्याचा काठ जुन्या नोंदींत सतरा मैल, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटर सांगितला आहे. आजही तलावाचा पसारा सुमारे अकरा चौरस किलोमीटर मानला जातो. एवढ्या पाण्याला रोखणाऱ्या पाळींची लांबी त्या काठाच्या तुलनेत अगदीच थोडी आहे.

पण जागा नुसती अरुंद असून भागत नाही. पाणी भरले तर कुठपर्यंत चढेल, कोणती शिवारे बुडतील, जास्तीचे पाणी कुठून काढून द्यावे आणि खालच्या बांध्यांपर्यंत ते आपल्या उताराने पोचेल का, हे सगळे आधी ठरवावे लागते. आज आपण त्यासाठी पातळी मोजायची यंत्रे वापरतो आणि उपग्रहांची छायाचित्रे पाहतो. कोहळ्यांकडे यांतले काही नव्हते. त्यांचे उपकरण म्हणजे पावसाळा. पाणी स्वतःच सर्वांत अचूक पातळीमापक असते. ते कुठे थबकते, कुठे वळते, कोणत्या उंचवट्याला वळसा घालते, हे भर पावसात शिवार तुडवत पाहायचे, खुणा लक्षात ठेवायच्या आणि उन्हाळ्यात त्या खुणांवर काम काढायचे. एकोणिसाव्या शतकात जमाबंदीसाठी आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी या तलावांची पाहणी केली, तेव्हा उपकरणांशिवाय साधलेली ही अचूकता पाहून त्यांना अचंबा वाटला आणि त्यांनी तो सरकारी अहवालात नोंदवूनही ठेवला.

मातीच्या टोपल्यांचा हिशेब

आता कामाचा आकार डोळ्यांपुढे आणू. समजा, मातीची एक पाळ शंभर मीटर लांब, दहा मीटर उंच, तळाशी चाळीस मीटर आणि माथ्यावर चार मीटर रुंद आहे. तिच्यात बावीस हजार घनमीटर माती बसेल. एका टोपलीत वीस किलो माती धरली तर घनमीटरला सुमारे ऐंशी टोपल्या लागतात. म्हणजे एकूण साडेसतरा लाखांवर टोपल्या झाल्या. दोनशे माणसांनी दिवसाला प्रत्येकी शंभर खेपा केल्या तरी तीन महिने जातील. तेही फक्त शंभर मीटरसाठी.

शरीराच्या बाजूने पाहिले तर शंभर खेपा म्हणजे एका माणसाने दिवसात दोन टन माती डोक्यावरून चढावर नेणे. अशा कष्टाच्या कामाला माणसाला रोज सुमारे साडेतीन हजार किलोकॅलरी अन्न लागते. बैठे काम करणाऱ्याच्या गरजेपेक्षा हे दीडपटीच्या आसपास भरते. म्हणजे तलाव बांधायचा तर आधी कोठारात धान हवे. शेकडो माणसांना महिनोन्‌महिने पोटभर खाऊ घालण्याची तयारी ज्याच्याकडे आहे त्यालाच हे काम शक्य. कोलू पाटलांचे कर्तृत्व जितके नजरेत होते तितकेच या व्यवस्थेत होते.

मोजकेच महिने हाती असत. धान कापून, मळून झाल्यावर माणसे मोकळी होतात आणि मृगाच्या पावसाआधी काम एका टप्प्यावर आणावेच लागते. अर्धवट पाळ ही रिकाम्या खिंडीपेक्षा धोक्याची. तिच्यामागे पाणी साचते, माथ्यावरून उलटते आणि वाहत्या पाण्यापुढे सुटी माती तासाभरातही टिकत नाही. खालच्या गावाला अशा लोंढ्याचा पत्ता लागायच्या आत तो दारात येतो.

मातीची पाळ टिकते ती तिच्या रुंदीमुळे आणि घट्टपणामुळे. दाब तळाशी सर्वाधिक, म्हणून पाळ तळाशी रुंद आणि वर निमुळती. माती थराथराने पसरायची, ओली करायची, माणसांच्या आणि बैलांच्या पायांनी तुडवून घट्ट करायची. कणांमधल्या पोकळ्या जितक्या कमी, तितके पाणी आतून हळू झिरपते. मातीच्या पाळीतून थोडे पाणी झिरपणारच. ते इतक्या सावकाश झिरपले पाहिजे, की त्याने मातीचा कण हलता कामा नये. कण हलू लागला की आत बारीक नळी तयार होते, ती रुंदावत जाते आणि एके दिवशी पाळ आतून पोखरून बसते. झाडाची कुजलेली मुळी, वाळवीचे वारूळ, खेकड्याचे बीळ अशा गोष्टींतूनही याची सुरुवात होऊ शकते. म्हणूनच जुनी माणसे पाळीवर नजर ठेवून असत.

सातबहिणींची मदत

एवढे मोठे काम एका माणसाने तडीस नेले, हे लोकमनाला पटायला अवघड. त्यातून दंतकथा जन्मली. दिवसभर मजूर राबत आणि संध्याकाळी घरी जात. रात्री भोवतालच्या डोंगरांवरच्या सात बहिणी खाली उतरत आणि पाळीवर माती टाकून पहाटेआधी परत जात. कोलू पाटलांच्या टेकडीवर पिवळट पांढरे दगड आहेत. त्या बहिणींनी माती वाहिलेल्या टोपल्या म्हणजेच हे दगड, असे लोक सांगत. मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा १९१६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ आहे. त्यातही ही कथा नोंदवलेली आहे.

विज्ञानाच्या सदरात दंतकथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण या कथेत एक खरी गोष्ट दडलेली असावी, असे मला वाटते. मातीकामात टोपली वाहण्याचे काम आजही बहुतांशी बायाच करतात. तीनशे वर्षांपूर्वी ज्या बायांनी डोक्यावरून ही माती वाहिली, त्यांची नावे कुठल्याही कागदावर नाहीत. गावाने त्यांना डोंगरांच्या रूपात आठवणीत ठेवले असेल, तर त्यात नवल नाही.

कोलू पाटील स्वतःही माणूस राहिले नाहीत. मरणानंतर लोकांनी त्यांना कोलासूर देव केले आणि सात शिखरांपैकी एकावर त्यांचे ठाणे झाले. नावात असूर, पण मान देवाचा. पाणी देणाऱ्याला देव मानण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. तिचा एक व्यावहारिक फायदाही असतो. ज्या पाळीवर देवाची नजर आहे ती खणायला, तोडायला हात सहसा धजावत नाही.

तलाव चालतो कसा

कोहळ्यांच्या तलावाला पाळ, तुडूम आणि सलंग असे तीन मुख्य अवयव असतात. पाळ पाणी अडवते. तुडूम म्हणजे पाळीच्या पोटातून पाणी सोडण्याची वाट. तिच्यातून नहर निघतो आणि बांध्यांना पाणी पोचवतो. सलंग म्हणजे सांडवा, जास्तीचे पाणी वाहून जाण्याची जागा. ती मातीच्या पाळीवर ठेवत नाहीत. शक्यतो बाजूला, जिथे मुळातच कठीण जमीन किंवा खडक आहे, तिथे ठेवतात. पाळीच्या माथ्यावरून पाणी उलटणे हे मातीची धरणे फुटण्याचे एक प्रमुख कारण, हे आजची अभियांत्रिकी सांगते. कोहळ्यांनी त्यावरचा उपाय तेव्हाच बांधकामात घातला होता.

सलंगातून निघालेले पाणीही फुकट जात नाही. खालच्या अंगाला दुसरा तलाव असतो, त्याच्या खाली बोडी असते. एकाचे सांडलेले पाणी दुसऱ्याच्या पोटात जाते. अशा साखळीत वरचा तलाव गाळ धरून ठेवतो, मधला शेत भिजवतो आणि खालची बोडी गुरांना पाणी देते. जमिनीत मुरलेले पाणी विहिरींना मिळते ते वेगळेच. आपल्याकडे उघड्या तलावातून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर पाण्याची वाफ होते. उथळ बोड्या उन्हाळ्यात आटतात आणि नवेगावसारखा खोल तलाव टिकतो, त्याचे कारण हेच.

या पाण्याने नुसता भात दिला नाही, भाताबरोबरचे कालवणही दिले. तलावातली छोटी मासळी काट्याकुट्यासह, डोक्यासह खाल्ली जाते. तिच्यातून प्रथिनांबरोबर कॅल्शियम मिळते आणि काही जातींतून अ जीवनसत्त्वही मिळते. फक्त भातावर भागवणाऱ्या जेवणात नेमके याच घटकांची उणीव असते. शिंगाडा आणि कमळकाकडी ही त्याच पाण्यातली देणगी. ढिवर समाजाच्या पिढ्या या मासळीवर जगल्या. पाटलाने धानासाठी अडवलेले पाणी अशा रीतीने गावाचा आहारही सुधारत गेले.

नवेगाव एकटे नव्हते. सिरेगाव, सिवनी असे मोठे बांध याच परंपरेतले. पूर्व विदर्भात मिळून असे सुमारे सात हजार तलाव असल्याचे मानले जाते. पुढे मालगुजारी पद्धत आली आणि हे तलाव मालगुजारांच्या नावे लागले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना माजी मालगुजारी तलाव, बोलीभाषेत मामा तलाव, असे नाव पडले. मालकी बदलली हे न्यायाचेच झाले. पण दरवर्षी नहर साफ करायचा कोणी, पाळीवरचे भोक बुजवायचे कोणी, गाळ काढायचा कोणी, हे प्रश्न मात्र अनेक गावांत अधांतरी राहिले.

पाहुणे थेट हिमालयातून

नवेगावबांधच्या भोवतालच्या जंगलाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. इथल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचे नाव दिलेले आहे. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून इथे काढलेल्या वर्षांमुळे हा तलाव मराठी वाचकांच्या घरात पोचला.

हिवाळ्यात गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर उत्तरेकडचे पक्षी उतरतात. त्यांत डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब असतो. तो उन्हाळ्यात वीण घालतो ती तिबेट आणि लडाखच्या उंच सरोवरांकाठी, ज्यांच्या वाटा आपण सुट्टीत शोधत असतो. तिथून तो हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी अंगावर बसवलेल्या यंत्रांतून या पक्ष्याची सात हजार मीटरच्याही वरची उड्डाणे नोंदली आहेत. तिथल्या विरळ हवेतही त्याचे रक्त प्राणवायू घट्ट पकडते आणि मोठी फुप्फुसे तो भराभर पुरवतात. आपल्या शरीराला ही सोय नाही. अडीच हजार मीटरच्या वर गेल्यावर अनेकांचे डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. म्हणून तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची जागा रोज साधारण पाचशे मीटरहून जास्त उंच नेऊ नये आणि त्रास वाढत असेल तर सरळ खाली उतरावे.

एका पाटलाने बांधलेल्या पाण्यावर हिमालयातला पक्षी हिवाळा काढतो. हे नाते कोलू पाटलांच्या मनातही नसेल. पण चांगल्या कामाचे फळ कुठवर पोचेल, हे करणाऱ्याला कुठे माहीत असते?

पायी जाऊन पाहा

नवेगावबांधला जायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी पाण्यावर धुके असते, मधोमध मालडोंगरीचे बेट पुसट दिसते आणि भोवती सातबहिणींची रांग उभी असते. जंगलाचा भाग असल्याने वनखात्याचे नियम पाळावेत, परवानगी असलेल्या वाटेनेच आणि वाटाड्याबरोबर जावे.

आठवड्याला किमान दीडशे मिनिटे दम थोडा वाढेल असे चालावे, हा प्रौढांसाठीचा सर्वमान्य सल्ला आहे. चढावर चालताना तीच मिनिटे जास्त कामी येतात, कारण शरीराचा भार वर उचलावा लागतो आणि हृदयाला चांगला व्यायाम होतो. चढताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. वाक्य पूर्ण करता येत नसेल तर थांबावे. छातीत दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, अचानक घाम असे काही झाले तर पुढे जाऊ नये, लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जाऊन ब्रेकचे काम करतात आणि गुडघ्यावर भार वाढतो, म्हणून पावले छोटी टाकावीत. काठी घेण्यात कमीपणा नाही. तलावाचे पाणी कितीही नितळ दिसले तरी उकळल्याशिवाय पिऊ नये. हा भाग हिवतापाचा आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि मुक्काम असेल तर मच्छरदाणी वापरावी.

उंच सरोवरांच्या सहलीची तयारी करणाऱ्यांनीही आधी काही आठवडे असे डोंगर चढून पाय आणि दम तयार करावेत. मात्र एक लक्षात ठेवावे. इथल्या चढाने पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. ती तिथे जाऊन सावकाशच करावी लागते.

आपल्या हाती काय

कोलू पाटलांच्या तलावावरचे आजचे संकट पुरासारखे अंगावर धावून येत नाही, ते सावकाश साचते. उतारावरचे जंगल विरळ झाले की पावसाबरोबर माती खाली येते. तळाशी गाळ बसतो, तलाव उथळ होतो, तेवढेच पाणी कमी मावते आणि वाफ मात्र तेवढीच होते. काठावर बेशरमीची झुडपे माजली की देशी पाणवनस्पती मरतात. त्यांच्या आधाराने अंडी घालणारे मासे कमी होतात. मासे घटले आणि पाणी झाडोऱ्याने कोंडले, की डासांच्या अळ्यांना मोकळे रान मिळते. धानाच्या बांध्यांत घरटे करणारा सारस आता महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया परिसरातच उरला आहे आणि तोही मोजकाच. त्याचे जगणेही याच पाण्याशी बांधलेले आहे.

तरीही चित्र सगळेच काळे नाही. भंडारा-गोंदियाच्या काही गावांत ढिवर समाजाच्या बाया कमरेइतक्या पाण्यात उतरून बेशरम उपटतात आणि देशी पाणवनस्पतींची रोवणी करतात. धानाच्या रोवणीसारखीच ही पाण्यातली रोवणी. त्यांनी हात लावलेल्या तलावांत देशी मासे पुन्हा दिसू लागले. सातबहिणींची गोष्ट जिथे सांगितली जाते, त्याच मुलखात आज बाया पुन्हा तलावाला हात देत आहेत. या वेळी रात्री गुपचूप नाही, दिवसाउजेडी.

कोलू पाटलांचे चित्र कुठे नाही, पुतळा असता तरी तो पाहून फारसे कळले नसते. त्यांना ओळखायचे तर पाळीवर उभे राहून एकदा पाण्याकडे आणि एकदा मागे वळून धानाच्या बांध्यांकडे पाहावे. दोन्हींमध्ये फक्त एका पाळीचे अंतर आहे. ती तीनशे वर्षे टिकली, कारण प्रत्येक पिढीत कोणीतरी तिच्यावर टोपलीभर माती टाकत आले. आपल्या पिढीची टोपली अजून टाकायची आहे.